छप्पन्न रविवारांचा वार्ताहर

१५ जानेवारी १९६७ हा रविवार होता. लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियमवर ग्रीन बे पॅकर्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स हे दोन संघ अमेरिकन फुटबॉलचा सामना खेळले. पॅकर्स जिंकले, ३५-१०. हा सामना एनबीसी आणि सीबीएस या दोन्ही वाहिन्यांनी एकाच वेळी देशभर दाखवला, कारण तेव्हा या खेळाच्या दोन लीग होत्या आणि एकीचे हक्क एका वाहिनीकडे, तर दुसरीचे दुसरीकडे होते. पाच कोटींहून अधिक लोकांनी तो घरबसल्या पाहिला. आणि पुढे दोन्ही वाहिन्यांनी आपापल्या टेपा पुसून टाकल्या.

आज त्या सामन्याला पहिला सुपर बोल म्हणतात. अमेरिकेत वर्षभरात सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम सुपर बोलच असतो, त्यातल्या अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला २०२४ मध्ये साधारण सत्तर लाख डॉलर मोजले गेले. पण त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती आणि झालेल्या सामन्याची टेप जपून ठेवणं ही कुणालाच गरज वाटत नव्हती. तिच्यावर दुसरा कार्यक्रम चढवायचा, हा रिवाजच होता. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या शमोकिन नावाच्या लहानशा गावी एका घराच्या माळ्यावर त्या प्रक्षेपणाची खासगी टेप सापडली. तीही अर्धवट. मध्यंतर नाही, तिसऱ्या सत्राचा मोठा भाग नाही. लीगच्या स्वतःच्या फिल्म विभागाने वेगळं चित्रीकरण करून ठेवलं होतं, त्यातले तुकडे जोडून आणि त्यावर रेडिओचं समालोचन चढवून २०१६ मध्ये सामना सलग पाहता येईल असा करण्यात आला. म्हणजे जवळजवळ अर्धशतक गेल्यावर!

मधली सगळी वर्षं तो सामना कुठे होता? वर्तमानपत्रांत होता. त्या दिवशी प्रेस बॉक्समध्ये टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसांनी जे लिहिलं, त्यात तो होता. त्यांतले एक होते जेरी ग्रीन, डेट्रॉइट शहरातल्या ‘द डेट्रॉइट न्यूज’ या दैनिकाचे वार्ताहर. पुढच्या वर्षीच्या सामन्यालाही ते गेले, त्यापुढच्याही. असे सलग ५६ सुपर बोल त्यांनी आपल्या वर्तमानपत्रासाठी लिहून काढले. सुपर बोल नेहमी रविवारीच होतो. १९६७ ते २०२२ या काळातला असा एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. पहिल्यापासून छप्पन्नाव्यापर्यंत वर्तमानपत्रासाठी वार्तांकन करणारा दुसरा पत्रकार नाही.

मला या माणसाविषयी जे कुतूहल वाटतं, ते आकड्यापुरतं नाही. तीन तास चाललेल्या धांदलीतून, हजारोंच्या गोंगाटात बसून, पान सोडायच्या वेळेच्या आत, उद्या कुणीतरी विश्वासाने वाचेल असा मजकूर नेमका तयार कसा होतो? आणि तेच काम एक माणूस पंचावन्न वर्षं करतो, तेव्हा त्याच्याकडे काय साठत जातं?

आधी खेळ थोडा समजून घ्यायला हवा, कारण या पत्रकारितेची घडण त्या खेळाच्या घडणीतून आली आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यात चेंडू अखंड फिरत असतो. अमेरिकन फुटबॉल तुकड्यातुकड्यांनी खेळला जातो. मैदान १०० यार्डांचं, एका बाजूला ११ खेळाडू, चेंडू लांबट. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकलात, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलात, तर चेंडू समोरच्यांचा. या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. कबड्डीतल्या चढाईसारखा तो काही सेकंदांचा स्फोट असतो: सगळे एकदम तुटून पडतात, शिट्टी वाजते, आणि पुन्हा जुळवाजुळव. घड्याळात खेळ ६० मिनिटांचा, प्रत्यक्षात तीन तासांहून जास्त चालतो, आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० मध्ये मोजून पाहिलं तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ निघाला साधारण ११ मिनिटं.

अकरा मिनिटं! बाकीचा वेळ थांबण्याचा, डावपेच ठरवण्याचा, धापा टाकण्याचा. प्रेक्षकाला तो रिकामा वाटतो. वार्ताहराचं मात्र खरं काम त्यातच चालतं. प्रत्येक डाउननंतर त्याला पंचवीस-तीस सेकंद मिळतात आणि त्यात तो टिपून घेतो: कितवा डाउन, किती यार्ड हवेत, चेंडू कोणत्या रेषेवर, कुणी कुणाकडे फेकला, कुणी पाडलं. प्रेस बॉक्समध्ये एक निवेदक हेच सगळं कोरड्या आवाजात सांगत असतो, आणि त्या काळी सायक्लोस्टाइल केलेले कागद प्रत्येक सत्राच्या शेवटी वाटले जात. पण कागदावर निष्कर्ष येतो, कारण येत नाही. एकाच क्षणी बावीस माणसं हलतात आणि डोळे दोनच. चेंडूमागे पाहत राहिलात, तर तो चेंडू तिथे जाऊ शकला यासाठी दुसऱ्या टोकाला कुणी वाट मोकळी केली, ते निसटतं.

यात किती खोल शिरता येतं याचं टोक म्हणजे पॉल झिमरमन. आधी ‘न्यूयॉर्क पोस्ट’ दैनिकात आणि मग ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकात त्यांनी लिहिलं. वाचक त्यांना डॉक्टर झी म्हणत. ते प्रत्येक डाउनची स्वतःच्या सांकेतिक लिपीत नोंद ठेवत, आणि सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणणाऱ्याला किती सेकंद लागले, हेही स्टॉपवॉच लावून मोजत. असल्या नोंदीचा उपयोग काय, असं कुणीही विचारेल. मला वाटतं, ज्याला राष्ट्रगीताचेसुद्धा सेकंद मोजल्याशिवाय राहवत नाही, त्याच्याच नजरेला तिसऱ्या सत्रात दमलेल्या एखाद्या खेळाडूचं अर्धं पाऊल मागे पडलेलं दिसतं.

पुन्हा त्या १९६७ च्या दुपारकडे येऊ. तिथे तीसेक हजार खुर्च्या रिकाम्या होत्या, सर्वांत महाग तिकीट १२ डॉलरचं होतं. दोन लीगचे चेंडूही वेगळे, त्यामुळे ज्याची चढाई त्याचा चेंडू अशी व्यवस्था होती. मध्यंतरात दोन माणसं पाठीला रॉकेट बांधून मैदानावर उडाली. मध्यंतरानंतर चेंडूला लाथ बसली आणि खेळ सुरू झाला, तर लक्षात आलं की एनबीसीवर अजून जाहिरातच चालू आहे. मग पंचांनी तो खेळ रद्द धरला आणि लाथ पुन्हा मारायला लावली. टेप पुसली गेल्यावर हे सगळं लोककथेसारखं वाटलं असतं. लिहून ठेवणारे होते, म्हणून तो इतिहास आहे.

आणि मॅक्स मॅगी. पॅकर्सचा हा चौतीस वर्षांचा राखीव खेळाडू. आख्ख्या मोसमात त्याने जेमतेम चार झेल घेतले होते. आपल्याला उद्या खेळवणार नाहीत अशी खात्री असल्याने आदल्या रात्री तो हॉटेलातून सटकला आणि सकाळी परतला. सामन्याच्या सुरुवातीलाच संघातल्या बॉइड डाउलरचा खांदा दुखावला आणि प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी मॅगीला हाक मारली. त्याचं हेल्मेटही जवळ नव्हतं, दुसऱ्याचं चढवून तो उतरला. थोड्याच वेळात त्याने पाठीमागे आलेला चेंडू एका हाताने खेचून घेतला आणि धावत जाऊन समोरच्या टोकाची रेषा ओलांडली, म्हणजेच सुपर बोलच्या इतिहासातला पहिला टचडाउन केला. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर सात झेल, १३८ यार्ड आणि दोन टचडाउन होते.

प्रेस बॉक्सच्या उंचीवरून यातलं काय दिसलं असेल? झेल दिसला, आकडे दिसले. हेल्मेट दुसऱ्याचं होतं, रात्र जागून काढलेली होती, हे खाली ड्रेसिंग रूममध्ये जाऊन, घामाच्या वासात उभं राहून, माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या वार्ताहराच्या कामाचे हे दोन मजले आहेत. वर बसून काय झालं ते टिपायचं आणि खाली उतरून का झालं ते विचारायचं. त्याच संध्याकाळी पत्रकारांनी लोम्बार्डींना पुन्हा पुन्हा छेडलं: चीफ्सचा संघ तुमच्या लीगमधल्या चांगल्या संघांच्या तोडीचा आहे का? ते बराच वेळ टाळत राहिले. शेवटी नाही म्हणाले आणि लगेच वैतागले, की हेच तुम्हाला माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं ना, घ्या, बोललो. विजयी प्रशिक्षकाला आपल्याच प्रामाणिकपणाचा पश्चात्ताप झालेला तो क्षण कुठल्याही धावफलकावर उमटला नसता.

डेट्रॉइट न्यूज हे तेव्हा संध्याकाळचं दैनिक होतं. याचा परिणाम लिखाणावर फार खोल होतो. सकाळच्या दैनिकाच्या वार्ताहराला रात्रीच मजकूर द्यावा लागतो. डेट्रॉइटमध्ये ते काम ‘फ्री प्रेस’ करायचं. संध्याकाळच्या दैनिकाच्या वाचकाला निकाल कळून दिवस उलटत आलेला असतो. त्याला पुन्हा ३५-१० सांगून काय उपयोग? त्याला सांगायचं ते त्याला अजून कुठूनच कळलेलं नसतं असं काहीतरी. ग्रीन त्याआधी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेत होते, जिथे शिस्त बरोबर उलटी: पहिल्या वाक्यात निकाल, मिनिटाचाही उशीर नको, शोभेचा शब्द नको. १९६३ मध्ये ते डेट्रॉइट न्यूजमध्ये आले, म्हणजे झटपट लिहिण्याची सवय घेऊन निवांत लिहिण्याच्या जागी आले. उशिरा छापून येणाऱ्या मजकुराला ताजं ठेवायचं, तर त्यात निरीक्षण आणि मत असावंच लागतं. एकाच संघाच्या बातम्या देणारा वार्ताहर पुढे स्तंभलेखक होतो, ती वाट बहुधा इथूनच जाते.

जानेवारी १९६९ मध्ये मायामीत तिसरा सुपर बोल होता. बॉल्टिमोर कोल्ट्सनी मोसमात चौदांपैकी तेरा सामने जिंकले होते. समोर न्यूयॉर्क जेट्स, म्हणजे नव्या, कच्च्या समजल्या जाणाऱ्या लीगचा संघ. कोल्ट्स अठराएक गुणांनी जिंकतील असा सट्टेबाजांचा होरा होता. जेट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार, जो नेमथ पंचवीस वर्षांचा, देखणा, तोंडाळ. सामन्याच्या तीन दिवस आधी, गुरुवारी रात्री, मायामी टचडाउन क्लबच्या जेवणात त्याने प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी टोमण्याला उत्तर देताना सांगून टाकलं, की रविवारी आम्ही जिंकणार, हमी देतो.

अमेरिकन खेळांच्या इतिहासातलं हे कदाचित सर्वांत गाजलेलं वाक्य. आणि देशभरातून मायामीत जमलेले बहुतेक क्रीडा पत्रकार त्या जेवणाला नव्हतेच! दुसऱ्या दिवशी ‘मायामी हेराल्ड’ने ते छापलं, तेव्हा बाकीच्यांना कळलं. रविवारी जेट्स १६-७ असे जिंकले. नेमथने एकही टचडाउनचा पास टाकला नाही, शेवटच्या सत्रात तर एकही पास फेकला नाही, तरी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

त्या आठवड्याचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: हॉटेलच्या तरणतलावाकाठी खुर्चीत रेललेला उघडाबंब नेमथ आणि भोवती वह्या सरसावून बसलेले पत्रकार. त्या आठवड्यात तलावाकाठी त्याच्याशी बोलत बसलेल्या मोजक्या पत्रकारांत ग्रीन होते. गंमत अशी, की लोकांच्या आठवणीत पुढे हे छायाचित्र आणि ती हमी एकमेकांना चिकटले. कित्येकांना आजही वाटतं, नेमथने तलावाकाठीच ती हमी दिली. स्मृती असं करते. दोन खऱ्या गोष्टी घेते आणि त्यांची तिसरी, न घडलेली गोष्ट बनवते. ज्याने त्या दिवशी तारीखवार नोंद केलेली असते, तोच पुढे चाळीस वर्षांनी उठून सांगू शकतो की नाही, ते तिथे घडलं नव्हतं. पंचावन्न वर्षं साठत गेलेली गोष्ट ती हीच.

आता मजकूर पोचायचा कसा, याकडे येतो. यातही विलक्षण मौज आहे. ग्रीन यांच्या पहिल्या सुपर बोलच्या काळात प्रेस बॉक्समध्ये वेस्टर्न युनियनचे तारवाले बसलेले असत. वार्ताहर एकेक पान टाइप करायचा, पान यंत्रातून ओढून काढायचा, तारवाल्याच्या हाती द्यायचा आणि पुढचं लिहायला घ्यायचा. हातातून सुटलेलं पान परत येत नाही. तिसऱ्या पानावर काहीतरी सुचलं, तर पहिल्या पानावर जाऊन ते बसवता येत नाही. एका दमात, सरळ रेषेत विचार करण्याची ही सक्ती होती, आणि त्या पिढीच्या लिखाणात जी एकसंध चाल दिसते तिचं थोडं श्रेय मी या सक्तीला देईन.

मग टेलिकॉपियर आले, आजच्या फॅक्सचे पूर्वज. ड्रमभोवती पान गुंडाळायचं, फोनचा रिसीव्हर यंत्रावर ठेवायचा आणि एका पानाला सहाएक मिनिटं थांबायचं. १९८३ मध्ये टँडी रेडिओ शॅकने टीआरएस-८० मॉडेल १०० नावाचा मांडीवर मावणारा संगणक बाजारात आणला आणि अमेरिकेतल्या वार्ताहरांनी तो अक्षरशः उचलून धरला. पडदा एवढासाच, आठ ओळींचा. एका ओळीत चाळीस अक्षरं. पेन्सिल सेलसारखे चार सेल घातले की तो वीसेक तास चाले. आत मोडेम होता, सेकंदाला साधारण तीस अक्षरं पाठवणारा. हिशेब करून पाहा: आठशे शब्दांची बातमी म्हणजे पाचएक हजार अक्षरं, म्हणजे पावणेतीन मिनिटांत हजारो किलोमीटरवरच्या कचेरीत हजर.

पण सगळीकडे फोनची तार थेट जोडता येत नसे. मग रबराच्या दोन वाट्या लावायच्या आणि त्यांत रिसीव्हरची दोन टोकं दाबून बसवायची. यंत्र अक्षरांचं रूपांतर शिट्ट्यांसारख्या सुरांत करी आणि फोन ते सूर वाहून नेई. वाट्या नीट बसल्या नाहीत, तर बाहेरचा आवाज आत शिरे. म्हणजे ज्या जल्लोषाचं वर्णन तुम्ही लिहिलंय, तोच जल्लोष वाटीत घुसून तुमच्या वाक्यातली अक्षरं बदलून टाकू शकत होता! पलीकडचा उपसंपादक ते चुकीचं अक्षर पाहून बरोबर शब्द ओळखायचा. वार्ताहराच्या नावाने छापून येणाऱ्या बातमीत त्या न दिसणाऱ्या माणसाचं कसब किती असतं, हे वर्तमानपत्रात काम केलेल्या कुणालाही विचारा.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. ५६ सुपर बोल लिहिणाऱ्या या माणसाच्या गावचा संघ त्यांपैकी एकाही सामन्यात खेळला नाही.

डेट्रॉइट लायन्सनी लीगचं शेवटचं विजेतेपद मिळवलं ते २९ डिसेंबर १९५७ ला, क्लीव्हलँड ब्राउन्सना ५९-१४ असं लोळवून. सुपर बोल सुरू व्हायला तेव्हा नऊ वर्षं होती. ग्रीन डेट्रॉइट न्यूजमध्ये आले त्या १९६३ सालीच संघ मोटारवाल्या फोर्ड घराण्याच्या विल्यम क्ले फोर्ड यांच्याकडे जाण्याचं ठरलं. तो व्यवहार मंजूर झाला २२ नोव्हेंबरला, म्हणजे अध्यक्ष केनेडींची हत्या झाली त्या दिवशी. त्यानंतर ग्रीन यांची जन्मभराची पत्रकारिता झाली, पण विजेतेपद आलं नाही. १९५८ ते २०२३ एवढ्या काळात लायन्सनी बाद फेरीतला एकच सामना जिंकला, तोही जानेवारी १९९२ मध्ये. २००८ च्या मोसमात तर ते सोळाच्या सोळा सामने हरले. सोळापैकी शून्य अशी कामगिरी त्याआधी कुठल्याच संघाने केली नव्हती.

हरणाऱ्या संघाचा वार्ताहर असणं म्हणजे काय? माझ्या मते हीच या पेशाची खरी कसोटी आहे. जिंकणाऱ्या संघाची बातमी अर्धी आपोआप लिहिली जाते. हरणाऱ्या संघाबद्दल दर आठवड्याला लिहायचं, त्याच शहरातल्या त्याच वाचकांसाठी, ज्यांचे वडीलही ह्याच संघासाठी हळहळत होते. खोटी आशा दाखवायची नाही आणि तुच्छतेनेही बोलायचं नाही. प्रेस बॉक्समध्ये टाळी वाजवायची नाही, हा अमेरिकन क्रीडा पत्रकारितेतला जुना नियम आहे. तिथे बसलेला माणूस कुठल्याही संघाचा नसतो. पण तो शहराचा असतोच.

आणि कधीकधी सामना सोडून भलतंच लिहावं लागतं. २४ ऑक्टोबर १९७१ ला डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियमवर शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात शेवटचं मिनिटभर उरलं असताना लायन्सचा अठ्ठावीस वर्षांचा खेळाडू चक ह्यूज मैदानावर कोसळला. त्याच्या हृदयाच्या धमन्यांचा विकार कुणाला ठाऊक नव्हता. या लीगच्या इतिहासात सामना चालू असताना मैदानावर कोसळून मरण पावलेला तो एकमेव खेळाडू. त्या दिवशी २८-२३ हा निकाल छापायचा तरी कुठे?

१९९९ मध्ये उलट प्रकार झाला, बातमी डेट्रॉइटला चुकवून गेली. बॅरी सँडर्स हा लायन्सचा धावपटू, त्या पिढीतला बहुधा सर्वांत सुंदर धावणारा. वॉल्टर पेटनच्या एकूण १६,७२६ यार्डांच्या विक्रमापासून तो १,४५७ यार्डांवर होता, म्हणजे त्याच्यासाठी एका मोसमाचं काम. जुलैच्या अखेरीस त्याने निवृत्ती जाहीर केली, आणि ती कळवली फॅक्सने, आपल्या जन्मगावच्या ‘विचिटा ईगल’ या वर्तमानपत्राला. दहा वर्षं ज्या शहरासाठी तो धावला, तिथल्या पत्रकारांना ही बातमी कॅन्ससमधल्या एका दैनिकाकडून मिळाली. पण त्या फॅक्समध्ये मला आणखी एक गोष्ट दिसते. एवढा मोठा निर्णय जगाला सांगायची वेळ आली, तेव्हा सँडर्सला गावचं वर्तमानपत्र आठवलं.

सुपर बोलच डेट्रॉइटकडे आला, असं मात्र दोनदा झालं. १९८२ च्या जानेवारीत शेजारच्या पाँटिॲकमधल्या सिल्व्हरडोमवर, थंड प्रदेशात झालेला तो पहिलाच सुपर बोल. बाहेर बर्फाने रस्ते गोठलेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाच्या एका बसला वाहतुकीत अडकून उशीर झालेला. दुसऱ्यांदा २००६ मध्ये थेट शहरातल्या फोर्ड फील्डवर. तिथे पिट्सबर्गकडून खेळणारा, डेट्रॉइटमध्ये वाढलेला जेरोम बेटिस आपला अखेरचा सामना जिंकून निवृत्त झाला. दोन्ही वेळा लायन्स फक्त यजमान होते.

ग्रीन २००४ मध्ये, ४१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले, तरी सुपर बोलला जाणं आणि डेट्रॉइट न्यूजसाठी लिहिणं थांबलं नाही. पहिल्या सामन्यापासून एकही न चुकवणाऱ्या पत्रकारांची एक छोटी पंगत होती, ती दरवर्षी विरळ होत गेली. ‘मायामी हेराल्ड’चे एडविन पोप ४७ सामन्यांपर्यंत टिकले. न्यू जर्सीच्या ‘स्टार-लेजर’चे जेरी आयझेनबर्ग ५३ पर्यंत. त्यानंतर वर्तमानपत्रवाल्यांत ग्रीन उरले.

१३ फेब्रुवारी २०२२ ला छप्पन्नावा सुपर बोल होता, लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडमध्ये. ग्रीन ९३ वर्षांचे होते. लॉस एंजेलिस रॅम्सचा क्वार्टरबॅक होता मॅथ्यू स्टॅफर्ड. लायन्स सोळाच्या सोळा हरले, म्हणून पुढच्या वर्षी त्यांना नव्या खेळाडूंतून पहिल्या निवडीचा हक्क मिळाला, त्या निवडीत घेतलेला हाच तो. बारा मोसम तो डेट्रॉइटमध्ये मार खात खेळला आणि बाद फेरीतला एक सामनाही जिंकू शकला नाही. २०२१ मध्ये रॅम्सनी त्याला घेतलं. आणि आता दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला असताना त्याने कूपर कपकडे विजयी टचडाउनचा पास टाकला. रॅम्स २३, सिनसिनाटी बेंगल्स २०. डेट्रॉइटच्या वाचकासाठी त्या रात्रीची बातमी लिहायला यापेक्षा योग्य माणूस कोण असणार होता? स्टॅफर्ड जिंकला म्हणजे काय झालं, हे १९६३ पासूनच्या सगळ्या हिशेबासकट ज्याला ठाऊक होतं, तोच ती लिहीत होता.

२०२३ च्या फेब्रुवारीत ॲरिझोनात सत्तावन्नावा सुपर बोल झाला, तो ग्रीन यांच्याशिवाय. मार्च महिन्यात वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले.

पुढच्या जानेवारीत लायन्सनी बाद फेरीतला सामना जिंकला, बत्तीस वर्षांनी. २४-२३, घरच्या मैदानावर, आणि तोही स्टॅफर्डच्याच रॅम्सविरुद्ध. पाठोपाठ त्यांनी टॅम्पा बेला हरवलं. २८ जानेवारी २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, सुपर बोलच्या उंबरठ्यावरच्या सामन्यात, ते मध्यंतराला २४-७ असे पुढे होते. मग चौथ्या डाउनवरचे दोन धाडसी प्रयत्न फसले, एक लांब पास बचावपटूच्या हेल्मेटवर आपटून नेमका समोरच्याच खेळाडूच्या हातात पडला, एक चेंडू हातातून सुटला. अंतिम गुणफलक ३४-३१, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटच्या वर्तमानपत्रांना पुन्हा एकदा पराभवाचंच लिहावं लागलं. फक्त या वेळी तो तीन गुणांचा होता.